टोबणीच्या दोरीचं मैदान

पांढुर्ण्याहून सौंसरकडे जाणाऱ्या रस्त्यावर बाभळींना कापूस लागला की मला कळतं, ते दिवस आले. बाभळीला कापूस लागत नाही, एवढं मलाही ठाऊक आहे. वावरातून भरून निघालेल्या गाड्या वरपर्यंत फुगलेल्या असतात आणि रस्त्याकडेचे काटे येता-जाता त्यांच्यातून आपला वाटा काढून घेतात. आठ-पंधरा दिवसांत एकेक बाभूळ पांढरी होते. यंदा मी स्कूटी थांबवून बघत उभी राहिले. वळणावरच्या बाभळींनाच जास्त कापूस का, आणि तोही एकाच बाजूच्या? गाडी वळताना कलते म्हणून, की समोरून कुणी आलं तर बाजू द्यावी लागते म्हणून? मागून आलेल्या ओळखीच्या एका काकांनी विचारलं, "काय वो मॅडम, पेट्रोल सरलं का?" मी म्हटलं, "नाही काका, कापूस पाहून राहिली." ते "बरं बरं" म्हणाले आणि जरा घाईनंच निघून गेले.

असल्या गोष्टींत वेळ घालवायची मला खोड आहे. घरचे त्याला रिकामपणा म्हणतात. पण एकदा असं झालं की नेमकं जिथं विचारायला हवं होतं तिथंच मी विचारलं नाही. एवढंच नाही, विचारणाऱ्या एका मुलीलाही गप्प केलं. कापसाचे दिवस आले की ते सगळं पुन्हा समोर येऊन बसतं.

माझं माहेर पांढुर्ण्याचंच, भर बाजारातलं. बाबांचं वह्या-पुस्तकांचं दुकान. आमच्या गावाचं नाव घेतलं की बाहेरची माणसं डोळे मोठे करून पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाबद्दल विचारतात. नदीच्या दोन काठांवरून दोन गावं एकमेकांवर दगड मारतात ती गोटमार पाहिली का, भीती नाही वाटत का? माझं उत्तर ठरलेलं आहे. आमच्याकडे सगळ्यांनाच लहानपणापासून अंग चुकवता येतं, मी ती विद्या खो-खोत वापरली. चौथीपासून खेळत होते. जाम नदीच्या अल्याडच्या आम्ही आणि पल्याडच्या सावरगावच्या मुली, नदीकाठच्या रेताड जागेत संध्याकाळ होईपर्यंत खेळायचो आणि घरी जाताना एकमेकींशी बोलायचो नाही. पुढे कॉलेज, विद्यापीठाचा संघ, आणि मग एका सामन्यात खांबाला वळसा घालताना गुडघ्यातून कट्कन आवाज आला. तो आवाज अजूनही थंडीत आठवतो.

घरी परत आले तेव्हा बाबांनी पटवारीच्या, म्हणजे तलाठ्याच्या, परीक्षेचा फॉर्म आणून ठेवलेला होता. "हे कर. खेळून झालं आता," एवढंच ते म्हणाले, आणि त्यात राग नव्हता. परीक्षेला वेळ होता, म्हणून मधल्या काळात अतिथी शिक्षक म्हणून अर्ज टाकला. रामाकोन्यापासून आत असलेल्या एका गावात माध्यमिक शाळा मिळाली. सौंसरला आत्याकडे राहायचं, सकाळी बसनं रामाकोन्याला उतरायचं आणि पुढे पायी. शिक्षक व्हायचं असं काही मनात नव्हतं. खरं सांगायचं तर मुलं आवडायची, खेळ आवडायचा, पण या दोन आवडी जोडून एक नोकरी होते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

शाळेचे हेडमास्तर, सगळे त्यांना बडे सर म्हणत, अतिशय सभ्य गृहस्थ. पहिल्याच दिवशी त्यांनी मला हजेरीपट दिला आणि म्हणाले, "मॅडम, एक सांगून ठेवतो. आता कापूस फुटला. शिमग्यापर्यंत सातवीच्या पोरी विसरून जा." मी वर्गात गेले. मागच्या चार ओळी रिकाम्या. मुलींच्या बाजूला दोघीजणी, त्यातली एक हाताला प्लास्टर लावलेली.

माणूस गैरहजर असला की मला त्याच्याविषयी जास्तच उत्सुकता वाटते. शाळा सुटल्यावर मी सरळ वावराकडे निघाले.

अख्खी सातवी तिथं हजर होती. मला क्षणभर हजेरी घ्यावीशी वाटली. पोटाशी ओटी बांधलेल्या बायका आणि मुली, प्रत्येकीनं आपापली पात धरलेली, म्हणजे कपाशीच्या दोन ओळींमधली आपली वाट. दोन्ही हात दोन बाजूंना चालत होते आणि नजर तिसरीकडेच. त्यांच्यात एक काटकुळी मुलगी होती. ती एका पातेतून दुसऱ्या पातेत अशी जायची की फांदीही हलत नव्हती. आधी खांदा, मग कंबर, मग पाय. मी बघतच राहिले. विद्यापीठात आमच्या सरांनी हे एवढंच शिकवायला आम्हाला दोन वर्षं राबवलं होतं.

"हिला हे कुणी शिकवलं?" मी तिच्या आईला विचारलं. सुनंदाबाई त्यांचं नाव, वेचणाऱ्या सगळ्या बायकांत त्यांचा शब्द चाले.

"कोन शिकवीन? बोंडाचे टोकं सुईवानी असतेत. दोनदा ओरबाडलं का शिकते लेकरू आपोआप."

मुलीचं नाव रोशनी. तिनं मला नमस्ते केलं आणि लगेच विचारलं, "मॅडम, तुमी लंगडून काहून चालता?"

खो-खोचं नाव काढलं तेव्हा बायका हसल्या. "खेळाले कापूस सरल्यावर येतीन ना वो," एकजण म्हणाली. मी म्हटलं, तोवर सौंसरची तहसीलची स्पर्धा होऊन जाईल. मला रोज एक तास द्या. फक्त एक तास. आणि मग मी जे बोलायला नको होतं ते बोलले: "या पोरी सामना मारून येतील. नाही आल्या तर माझं नाव बदला."

सुनंदाबाईंनी ओटीतला कापूस गठुड्यात रिकामा केला, कंबर सरळ केली आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "एक तास देऊ. सौंसरपावतर. पोरी काही करून आल्या तं पुढं बी देऊ. हात हालवत आल्या, तं मंग कापूस सरेपर्यंत शाळेचं नाव नका काढू आमच्यापाशी." बाकीच्या बायकांनी त्यांच्याकडे पाहून माना हलवल्या. असा आमचा करार झाला.

तो एक तास फक्त खेळाचा नव्हता, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. खेळायला येणाऱ्या मुली थोड्या आधी येऊन वर्गात बसायला लागल्या. कुणी गणित उतरवून घेई, कुणी नुसतीच बाकावर टेकून पाणी पिई. पण शाळेत येत होत्या. बडे सर खिडकीतून बघायचे आणि हजेरीपटावर निळ्या शाईनं अर्धी खूण करायचे. अर्धी खूण म्हणजे काय, हे मी त्यांना विचारलं. म्हणाले, "पूर्ण दिवस नाही आली ना मॅडम. पण आली तर खरी."

मैदानासाठी काहीच नव्हतं. शाळेत मोजायला एक फुटाची लाकडी पट्टी होती, ती बडे सर टेबलावर आपटून शांतता करायला वापरत. दोन जुने मांडवाचे बांबू मिळाले, ते खांब झाले. चुना नव्हता. पण मध्यान्ह भोजनाच्या चुलीची राख होती. अंतर कशानं मोजायचं या विचारात होते, तेवढ्यात सुनंदाबाईंनी त्यांची टोबणीची दोरी पाठवून दिली. ती बघून मला इतका आनंद झाला की काही विचारू नका. सरकी टोबताना दोघीजणी दोन टोकांना ही दोरी ताणून धरतात. ठरावीक अंतरावर गाठी, गाठीगाठीत लाल चिंधी. जिथं चिंधी तिथं सरकी. तिगावला मामाच्या वावरात लहानपणी मी या दोरीमागे चालले होते, मुठीत सरकी घेऊन. दोन गाठींमध्ये चार फूट, हे मामानं माझ्याकडून पाढ्यासारखं पाठ करून घेतलं होतं.

मग काय, हिशेब सोपा होता. एक गाठ सोडायची आणि पुढच्या गाठीवर चौक आखायचा. नियमातल्या अंतरापेक्षा चार-सहा बोटं जास्तच होत होती, पण सरावाला मोठं मैदान चांगलंच. आठ चौक, दोन खांब, राखेच्या रेघा. मी गाठींमधलं अंतर मोजलं नाही. मोजायचं डोक्यातच आलं नाही. टोबणीची दोरी म्हणजे चार फूट, हे मला स्वतःच्या नावाइतकं पक्कं माहीत होतं.

त्या दिवसांतल्या गोष्टी मनात सुट्या सुट्याच राहिल्या आहेत. मुली वावरातून थेट यायच्या, कुणाच्या ओटीत तळाशी राहिलेला कापूस पळताना सांडायचा आणि राखेत लोळायचा. त्यांच्या टाचा करड्या व्हायच्या. हिवाळ्यातलं चार वाजताचं ऊन मैदानावर आडवं पडायचं, शेजारच्या संत्र्याच्या बगीच्यात तोड चालू असायची आणि वारा तिकडून आला की मुली खो देता देता नाक वर करायच्या. रोशनी पाठीवर हात ठेवायची तर बोटांवरच्या ओरखड्यांमुळे तो हात खरखरीत लागायचा. हे मला बसणाऱ्या मुलींनीच सांगितलं. "रोशनीचा खो न पाहता बी समजते, मॅडम."

आणि वेग! दोन पावलं आणि खो. दोन पावलं आणि खो. चौकांमधून त्या अशा सुळसुळ जायच्या की मला शिट्टी वाजवायचं भान राहायचं नाही. मी माझ्या जुन्या सरांना फोन करून फुशारकी मारली, "सर, असल्या पोरी मी आजवर पाहिल्या नाहीत." स्वतःचा गुडघा सांभाळत मी कडेला उभी राहायची. त्या मैदानात मी स्वतः एकदाही धावले नाही. धावले असते तर माझ्या पायांना कळलं असतं का? पायांची आठवण दोरीपेक्षा पक्की असते का? आज वाटतं, बहुतेक कळलं असतं.

स्पर्धेच्या आठवडाभर आधी रोशनी माझ्याजवळ आली. तिनं काकाच्या मोबाइलवर खो-खोचा सामना पाहिला होता.

"मॅडम, मोबाइलमंधलं मैदान आपल्यापेक्षा लांब काहून दिसते?"

"कॅमेऱ्यात तसंच दिसतं."

ती गेली नाही. पायानं राख उकरत उभी राहिली. "पण मानसं तं लांब नाही दिसत. मैदानच लांब दिसते."

किती नेमका प्रश्न होता! कॅमेरा ताणत असेल तर सगळंच ताणेल, एकटं मैदान कसं ताणेल? आज एखाद्या मुलानं असं विचारलं तर मी त्याला बाकावर उभं करून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावीन. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात फक्त सामना होता. मी म्हटलं, "रोशनी, प्रश्न कमी आणि पळणं जास्त." ती "बरं" म्हणाली आणि पळाली.

सौंसरचं मैदान पांढऱ्याशुभ्र चुन्यानं आखलेलं होतं. आमच्या मुली बसल्या तेव्हाच मला काहीतरी वेगळं वाटलं. त्या एकमेकींपासून दूर दूर दिसत होत्या. वाटलं, मोकळ्या जागेमुळे असेल. शिट्टी झाली. रोशनी निघाली, दोन पावलं टाकली, खो म्हणाली, आणि तिचा हात हवेतच मिटला. पाठ एक हात पुढे होती. फाऊल. ती परत फिरली, पुन्हा दोन पावलं, पुन्हा हवा. पुन्हा फाऊल. दुसरी मुलगी उठली, तिचंही तेच. त्यांच्या तोंडाकडे मला बघवेना. चिडलेली, घाबरलेली अशी ती तोंडं नव्हती. घरातल्या ओळखीच्या जागी हात घालावा आणि तिथं वस्तूच नसावी, तशी नवलाची तोंडं होती. पंच शिट्टीवर शिट्टी वाजवत होते. समोरच्या शाळेच्या मुली आधी धावत होत्या, मग चालायलाच लागल्या. आम्ही हरलो, आणि थोडक्यात नाही.

नंतर मुली कडुलिंबाखाली संत्री सोलत बसल्या. कुणी रडत नव्हतं, त्यानं जास्तच वाईट वाटलं. "आपले पायच लहान हाये," एकजण म्हणाली. "खेड्यातल्यायचे असेच राहतेत," दुसरीनं जोडलं. पण तोवर माझं लक्ष मैदानाकडे गेलं होतं. रिकाम्या मैदानात रोशनी एकटी गुडघ्यांवर बसली होती. एका चौकापासून दुसऱ्या चौकापर्यंत तिनं हातांनी मोजलं, मग बोटांवर काहीतरी धरलं, मग पुन्हा मोजलं. कपडे झटकत ती माझ्याकडे आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, कॅमेऱ्यात नाही. खरंच लांब हाये."

एवढंच. मैत्रिणींना तिनं काहीच सांगितलं नाही. ते सांगायचं काम माझं आहे, असं तिनं ठरवलं असावं.

परतीच्या गाडीत तेरा जणी आणि मी. खिडकीबाहेर बाभळींवर कापूस. मला समजत होतं की गप्प बसले तर कुणालाही काही कळणार नाही. मुली हरल्या, खेड्यातल्या होत्या, पहिलीच वेळ होती, संपलं. सगळे माझी समजूतच घालतील. बोलले तर बायका म्हणतील, या बाईला मैदान आखता येत नाही आणि आमच्या पोरी घेऊन गेली, आणि तो एक तास मी स्वतःच्या तोंडानं घालवेन. पण गप्प बसले तरी तो जाणारच होता. फरक एवढाच की मग मुली आपले पाय लहान आहेत असं समजून वावरात परत जाणार होत्या, आणि कापूस वेचता वेचता ते त्यांना खरं वाटायला लागणार होतं. मला याचीच भीती वाटली. रोशनी पुढच्या सीटवर होती. तिनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

गाडी गावात शिरली तेव्हा दिवस मावळतीला आला होता. बायका गठुडी डोक्यावर घेऊन वावरातून परतत होत्या, त्या पाराजवळ थांबल्या.

"का झालं?" सुनंदाबाईंनी विचारलं.

"हारलो," एक मुलगी म्हणाली. "पाय नाही पुरले."

सुनंदाबाईंनी मान हलवली. त्यांना वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. "चाला मंग. उद्यापासून वावरात."

"थांबा," मी म्हटलं. "पाय पुरले होते. मैदान मी चुकीचं आखलं."

सगळ्याजणी बघायला लागल्या. मी सांगत गेले. एक गाठ सोडून चौक, चार फुटांची दोरी. अर्धं सांगून झालं असेल तोच सुनंदाबाईंनी गठुडं खाली ठेवलं.

"कोन्ती दोरी? आमची?"

"हो."

"मायबाई! ते तं बरडावरची हाये. तीन फुटाची. बरड जमिनीत झाड वाढते का वो चार फूट? ओलिताची दोरी वेगळी राहते. दोरी तं जमीन पाहूनच बांधतेत." आणि त्या हसायलाच लागल्या, बाकीच्या बायकाही. "इचारलं काहून नाही?"

मला वाटलं होतं रागावतील. त्या हसल्या आणि माझी जास्तच पंचाईत झाली. "नाही विचारलं," मी म्हटलं. "आणि रोशनीनं विचारलं होतं, तेव्हा तिलाही मी गप्प बसवलं. तिचं बरोबर होतं. माझं चुकलं."

हसणं थांबलं. गावाच्या पारावर कुणी मास्तर असं बोललेलं त्यांनी बहुतेक ऐकलं नसावं. मीही कधी बोलले नव्हते. रोशनी आईच्या बाजूला उभी होती आणि आपल्या चपलेकडे बघत होती, पण तिचे कान लाल झालेले मला दिसले.

"म्हणजे किती कमी होतं?" एका बाईनं विचारलं.

"दोन चौकांत एक हात," मी म्हटलं. "आठ चौक. म्हणजे आठ हात."

"नऊ," रोशनी म्हणाली.

"आठ चौक आहेत ना."

"चौक आठ, मॅडम. पण मधातल्या जागा नऊ. इकडच्या खांबापासून बी मोजा, तिकडच्या खांबापासून बी." तिनं बोटं वर केली, दोन अंगठे खांब धरले आणि मधली आठ बोटं चौक. मग मधल्या फटी एकेक करून मोजून दाखवल्या. नऊ.

मी तिच्या हातांकडे बघत राहिले. ओरखडलेल्या बोटांच्या त्या नऊ फटी. इतक्या वर्षांत मी किती मैदानांवर खेळले, किती वेळा त्या जागांमधून पळाले, आणि मधल्या जागा किती आहेत हे कधी मोजलं नव्हतं. शरम तर वाटत होतीच, पण तिच्याखाली आनंद होता. खरोखरचा, अंगभर आनंद. पटवारीची परीक्षा आता मी देणार नाही, हे मला तिथंच समजलं. बाबांना कसं सांगायचं, तेवढंच राहिलं होतं.

सुनंदाबाईंनी गठुडं पुन्हा डोक्यावर घेतलं. "नऊ हात वाढलं मैदान," त्या म्हणाल्या. "मंग एका तासात कसं होईन? सवा तास लागन. दोरी आना उद्या, गाठी मी सोडून देतो."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या ओट्यावर बसून त्यांनी एकेक गाठ दातांनी सैल केली आणि सोडली. बडे सरांनी पांढुर्ण्याहून आणवलेल्या टेपवर मी अंतर दाखवायची आणि त्या नवी गाठ मारायच्या. चिंध्या त्याच, लाल, उन्हानं विटलेल्या. मग मला एक शंका आली: या मुली जुन्या मैदानावर इतक्या वेगात का धावत होत्या? मी विचारलं. या वेळी विचारलं. सुनंदाबाई म्हणाल्या, "दोन गाठी म्हणजे दोन पाता ना वो. जलमल्यापासून त्यातूनच फिरून राहिल्या." म्हणजे मी नकळत त्यांचं वावरच मैदानावर आखलं होतं. पायांना अंतर ओळखीचं होतं. मला वाटत होतं मी त्यांना काही शिकवते आहे.

नव्या मैदानावर पहिले आठ दिवस त्या चाचपडल्या. तिसरं पाऊल पायांना शिकवावं लागलं. रोशनीनं मधेच विचारलं, "मॅडम, वावर बी लांब केलं तं?" त्यावर मी अजून विचार करते आहे.

पुढच्या वर्षी जिंकलात का, असं लोक हमखास विचारतात. एक सामना जिंकलो, दुसरा हरलो. पण त्या पहिल्या वर्षीच्या कापसात सातवीच्या मुलींच्या नावांपुढे शिमग्यापर्यंत निळ्या अर्ध्या खुणा होत्या, आणि काही दिवशी पूर्णही. मला परीक्षा देऊन रीतसर शिक्षक व्हायला आणखी तीन वर्षं लागली. बाबा बरेच दिवस घुम्म होते. मग एकदा त्यांनीच दुकानातून शिट्टी आणून दिली, प्लास्टिकची, हिरवी. रोशनी आता छिंदवाड्याला शिकते. फोनवर आधी प्रश्न विचारते आणि मग खुशाली. गाव सोडताना दोरी परत द्यायला गेले तर सुनंदाबाई म्हणाल्या, "माह्या कोन्त्या कामाची आता ते? त्याच्यावर कपाशी होते का? घेऊन जा."

ती दोरी आता पांढुर्ण्यातल्या माझ्या शाळेच्या खेळाच्या खोलीत खुंटीला आहे. आता टेप आहे, चुना आहे, लोखंडी खांब आहेत. पण दरवर्षी कापसाच्या दिवसांत नवा वर्ग मैदानावर आणताना मी एक गंमत करते. एक अंतर मुद्दाम चुकवते. वीतभर, जास्त नाही. आणि वाट बघते. कुणीतरी येऊन विचारतंच. एखाद्या वर्षी चौथ्या दिवशी, एखाद्या वर्षी पार दुसऱ्या आठवड्यात. जो विचारतो त्याच्याबरोबर मी दोरी लावून मोजते आणि मग मैदान सरळ करते. मुलांना हे ठाऊक नाही. बाकीच्या शिक्षकांना ठाऊक आहे आणि ते मला हसतात.

यंदा तिसऱ्या आणि चौथ्या चौकातलं अंतर कमी केलं होतं. आठ दिवस कुणी काही बोललं नाही. काल पाचवीतली खुशी आली. संत्र्याच्या बगीच्यातली मुलगी, या वर्षीच शाळेत आली आहे, अजून कुणाशी फारशी बोलत नाही. म्हणाली, "मॅडम, त्या खांबापाशी जागा जास्त हाये."

मी म्हणणार होते, नाही गं, तिकडचं बरोबर आहे, जरा दुसरीकडे बघ. शब्द ओठांवर आले होते. ते तसेच आत ढकलले, खोलीत जाऊन दोरी आणली आणि आम्ही दोघी खांबापाशी वाकलो. विटलेली लाल चिंधी रेघेच्या अलीकडे पडली. चार बोटं अलीकडे. मी पुन्हा ताणून पाहिली. चार बोटंच. त्या अंतराला मी हातही लावला नव्हता, म्हणजे मुद्दाम तरी नाही.

"कोनं आखलं वो मॅडम हे?" खुशीनं विचारलं.

"मीच," मी म्हटलं, आणि दोरीचं दुसरं टोक तिच्या हातात दिलं.